बिऱ्हाड आणि उतारा

गेल्या कार्तिकीला कीर्तन आटोपून आम्ही ओटीवर टेकलो होतो. इतक्यात पंढरपुरातलाच एक तरुण टाळकरी जवळ येऊन बसला. वडिलोपार्जित वाडा आहे, चार खोल्या भाड्याने देण्याजोग्या आहेत. त्याने विचारले, “बुवा, घर माझं. वारीच्या पंधरा दिवसांत जेवढं मिळतं तेवढं भाडेकरू सहा महिन्यांत देत नाही. मग मी भाडेकरू ठेवायचाच कशाला? वारकऱ्याची सोय करतो, म्हणजे पुण्यच की! यात पाप कुठं आलं?”

मी काहीतरी उत्तर दिले. पण ते त्याला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. म्हणून आज हा विषय वाचक माऊलींपुढे ठेवतो. विषय घरमालकाचा दिसतो, पण त्यात आपण यात्रेकरूही गुंतलेले आहोत, आणि मी तर चांगलाच गुंतलेला आहे.

काही वर्षांपूर्वीच्या आषाढीला आमच्या दिंडीचा उतारा एका वाड्यात होता. मालकाने मागच्या अंगाची एक खोली आम्हा चौघा म्हाताऱ्यांसाठी उघडून दिली. आत गेलो तर कोनाड्यात देव, देवापुढे फूल ताजे. भिंतीवर शाळेचे वेळापत्रक चिकटवलेले, आणि दाराच्या चौकटीला पेन्सिलीच्या रेघा, मूल वाढते तसतशा वर चढत गेलेल्या. खोली रिकामी नव्हती, रिकामी करवून घेतलेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे एक बाई दारात उभी. गावात झाडलोटीच्या कामावर जाणारी. कामावरचे जाकीट खुंटीला राहिले होते, ते न्यायला आली होती. मी ओशाळून म्हणालो, “बाई, आम्ही तुमच्या घरात शिरलो की हो.” ती हसून म्हणाली, “ऱ्हावा माऊली. पंधरा दिवसांचं तर हाय. पोरं नणंदेकडं धाडल्यात.” आणि आम्ही लाखो लोकांनी केलेला केर काढायला ती निघून गेली.

त्या दिवशी मी प्रवचन केले ते अतिथिधर्मावर. जीभ कशी वळली कोण जाणे!

आता त्या टाळकऱ्याची बाजू आधी नीट पाहू. तीर्थाच्या गावाला उतारूची सोय करावीच लागते. २०११ च्या जनगणनेत जेमतेम एक लाखाचे असलेले हे गाव आषाढीला कित्येक लाख माणसे पोटात घेते. मठ, फड, धर्मशाळा पुरत नाहीत. वाळवंटातल्या राहुट्या न्यायालयाच्या आदेशाने हलल्या तेव्हापासून ६५ एकरांच्या तळावर पुष्कळ दिंड्या राहतात, तरीही गावातल्या घरांवाचून भागत नाही. पूर्वी क्षेत्रोपाध्यांच्या वाड्यांत लोक पिढ्यान् पिढ्या उतरत, आणि मौज अशी की उपाध्याय त्या उतारूलाच ‘यजमान’ म्हणत. म्हणजे घर ज्याचे तो यजमान नव्हे, येणारा तो यजमान. हा शब्द ऐकून आपण सुखावतो. पण यजमानावर काही जबाबदारीही असते, हे सोयीस्करपणे विसरतो.

शिवाय वारीच्या उत्पन्नावर जगणारी घरे खोटी नाहीत. एखादी विधवा म्हातारी स्वतः स्वयंपाकघरात पथारी टाकते, पुढची खोली बायाबापड्यांना देते, आणि त्या पैशात वर्षाचे धान्य आणि औषधपाणी भागवते. तिला कोणी नियम दाखवू लागला तर मी त्याच्या आडवा येईन. म्हणजे घरात उतारू घेणे हा दोष नव्हे. मग दोष कोठे सुरू होतो?

मला वाटते, तो उंबऱ्यावर सुरू होतो. म्हातारी उंबऱ्याच्या आत राहून दुसऱ्याला आत घेते. तिची जागा कमी होते, तिची झोप मोडते, ती स्वतः काही सोसते. वाड्याचा मालक स्वतः काहीच सोसत नाही. तो बिऱ्हाडकरूला उंबऱ्याबाहेर काढतो आणि त्याची जागा आपल्याला विकतो. सोसणारी ती झाडणारी बाई, पुण्य मालकाचे, आणि वारी आपली! पहिल्याला आतिथ्य म्हणावे. दुसऱ्याला ते नाव देता येत नाही, मग बाहेर पाटीवर ‘भक्तनिवास’ लिहिलेले असो.

गाडगेबाबांना हा भेद बरोबर कळला होता. अस्पृश्य म्हणून ज्यांना गावात कोणी ओटीला टेकू देत नसे, त्यांच्यासाठी त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. उतारूची अडचण त्यांनी जाणली, पण त्यासाठी कोणाचे बिऱ्हाड उठवले नाही. नवे छप्पर घातले. आणि स्वतःच्या बायकामुलांना ठेवले झोपडीत.

हा प्रश्न केवळ आपल्या क्षेत्राचा आहे असे मात्र कोणी समजू नये. जेथे जेथे माणसे दोन दिवसांसाठी लोटतात, तेथे तेथे तो आहे, आणि मोबाईलवरून घर ठरवण्याची सोय झाल्यापासून फारच वाढला आहे. एअरबीएनबी नावाची जी कंपनी आहे, तिचा आरंभ ऐकण्यासारखा आहे. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक परिषद भरली, हॉटेले भरून गेली. तेव्हा दोघा तरुणांनी आपल्याच राहत्या घरात हवा भरायच्या गाद्या टाकून तिघा पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवून घेतले, सकाळची न्याहारीही दिली. म्हणजे आरंभ आपल्या म्हातारीसारखाच, उंबऱ्याच्या आतला. पुढे लोकांनी घरेच्या घरे याच धंद्यासाठी घेतली आणि आत राहणारा यजमान नाहीसा झाला.

इटलीतले व्हेनिस घ्या. पाण्यातल्या त्या जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ साली हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. कारणे अनेक आहेत, सगळा दोष उतारूंवर टाकता येत नाही. पण राहत्या घरापेक्षा पाहुण्याची खोली जास्त पिकते, हे त्यातले मोठे कारण. तिथल्या एका औषधाच्या दुकानाने २००८ पासून खिडकीत रहिवाशांचा आकडा लावून ठेवला आहे. तो उतरतच गेला. पाहुणे मात्र वाढतच आहेत. देऊळ आहे, कळस आहे, आणि आत देव नाही, अशी ही गत!

स्पेनमधल्या बार्सेलोना शहराने २०२४ साली जाहीर केले की पर्यटकांना देण्याच्या १०,१०१ घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. हा सरसकट उपाय झाला. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून जो नियम अमलात आणला, तो मला अधिक विचाराचा वाटतो. तीस दिवसांहून कमी मुदतीचा पाहुणा ठेवायचा तर घरधन्याने नाव नोंदवावे, स्वतः त्याच घरात हजर असावे, पैसे देणारे पाहुणे दोनच असावेत, आणि आतल्या दारांना कुलपे नसावीत. नियम करणाऱ्यांनी आतिथ्याची व्याख्याच कायद्यात घातली म्हणायची. त्यामुळे तिथली घरभाडी लगेच उतरली असे मात्र नाही. घरेच कमी असली तर केवळ नियमाने ती निर्माण होत नाहीत.

आपल्याकडे हे कोणाला सुचलेच नव्हते काय? १९४७ च्या मुंबईच्या भाडे कायद्याचे पूर्ण नाव वाचा: त्यात घरभाड्याच्या जोडीला हॉटेल आणि लॉजिंग हाऊस यांच्या दरांचे नियंत्रणही आहे. बिऱ्हाड आणि उतारा यांची तागडी एकच, एक पारडे वर गेले की दुसरे खाली येणार, हे त्या वेळच्या लोकांनी ओळखले होते. त्या कायद्यालाही दोष होते. भाडी गोठली, मालकांनी वाडे दुरुस्त करणे सोडले आणि कित्येक वाडे बिऱ्हाडांसकट बसले. त्याच्या जागी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. हल्ली बहुधा अकरा महिन्यांचा करार होतो. तो नेमका केव्हा संपवायचा, हे पंचांग पाहून ठरवणारे मालक मला ठाऊक आहेत!

आता आमच्या दिंडीचे सांगतो, कारण दुसऱ्यांचे पुष्कळ सांगून झाले. त्या वर्षी परतताना मी वीणेकऱ्यांपाशी गोष्ट काढली. पुढच्या आषाढीला आम्ही वाडा सोडला आणि तळावर राहुट्या ठोकल्या. पावसाने दोन रात्री झोप नाही, म्हाताऱ्यांनी मला बोल लावले, आणि मी मनातून फार समाधानी होतो. द्वादशीला सहज वाड्याकडे गेलो. त्या खोलीत दुसरी दिंडी उतरली होती. बाई नणंदेकडेच. माझ्या त्यागाने तिला एक रात्रही घरात मिळाली नव्हती; मला फक्त स्वच्छ वाटले होते.

तेव्हा कळले की आपण बाजूला झाल्याने भागत नाही, आपण अट घातली पाहिजे. पुढल्या वर्षी मालकाला आगाऊ सांगितले: वाडा घेतो, पण वर्षभर राहणाऱ्याच्या खोलीला हात लावायचा नाही. आम्ही सोप्यात आणि अंगणात मावतील तेवढेच राहू, बाकीचे तळावर. तो म्हणाला, “बुवा, चाळीस माणसांची जागा तुम्ही बावीस करताय.” म्हटले, होय. शेजारच्या वाड्यात उतरणाऱ्या दोन दिंड्यांशीही आम्ही बोललो. एकीने मानले, दुसरीचे बुवा म्हणाले, “वारकऱ्यानं भाडेकरूचा कैवार घ्यावा, हे कुठं लिहिलंय?” त्यांच्याशी वाद अजून चालू आहे.

त्या आषाढीत दशमीच्या रात्री बाई कामावरून उशिरा आली, जाकीट खुंटीला लावले आणि चूल पेटवली. पोरगा आमच्यात येऊन टाळ वाजवू लागला. चौकटीवर एक रेघ वर चढली होती. मालकाने मात्र आमच्याकडून पैसे चाळीस माणसांचेच घेतले.