चुकून जन्मलेले मासे



२०२० साली हंगेरीतील शास्त्रज्ञांनी एक नवल प्रसिद्ध केले. रशियन स्टर्जनच्या अंड्यांवर त्यांनी अमेरिकन पॅडलफिशचे वीर्य घातले होते. दोन्ही कुळे कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झालेली, तेव्हा काहीच निपजणार नाही अशी त्यांची खात्री होती. तरी पिल्ले जन्मली, आणि शंभरावर जगली.

स्टर्जनची गुणसूत्रे सुमारे २५०, पॅडलफिशची सुमारे १२०. पिल्लांत कोणाला तीन संच आले, कोणाला पाच. विषम संचांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. म्हणून खेचराप्रमाणे हे मासेही बहुधा निपुत्रिक राहतील.

कोणी म्हणेल, बरेच झाले! चुकून नदीत सुटले तरी मूळ वंशात भेसळ व्हायची नाही. हे खरे आहे. आधीच दुर्मिळ झालेल्या स्टर्जनला पिल्ले देणाऱ्या संकराचीच भीती जास्त.

परंतु आमच्या मते एवढ्याने हिशेब मिटत नाही. वंश वाढणार नाही म्हणून जिवाची किंमत कमी होत नाही. माणसाची होत नाही, तशी माशाचीही नाही. ज्याच्या हातून जीव जन्मला, मग तो चुकून का होईना, त्याने तो शेवटपर्यंत सांभाळावा.