गॅलरीचे माप

घरपट्टीची फेरआकारणी आली की गावात एकच वाक्य कानावर येते: ‘साहेबांना जरा सांभाळून घ्या.’ आमच्या घरी नगरपालिकेची माणसे टेप घेऊन आली, तेव्हा मागची गॅलरी बंद करून आम्ही तिची खोली केलेली होती. तिथे माझी खाट होती, पुस्तके होती. चहा झाला, पोहे झाले आणि कागदावर ती ‘उघडी गॅलरी’ म्हणूनच उतरली. सगळ्यांना हायसे वाटले. पुढे घर विकायला काढले, तेव्हा तीच खोली आम्ही फूट न फूट मोजून दाखवली आणि तिचे पैसे घेतले.

ही लबाडी होती. ती घरोघरी चालते म्हणून काही कमी ठरत नाही.

आपल्या घराची किंमत वाढते ती आपल्या कर्तृत्वाने फारच थोडी. रस्ता रुंद झाला, नळ आला, शाळा निघाली की भाव चढतो. पुण्यात 2022 मध्ये मेट्रो सुरू झाली आणि ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ हे शब्द घराच्या जाहिरातीत आले. तो भाव सगळ्यांच्या पैशांतून आलेला आहे. त्यातला थोडा वाटा परत देताना हात आखडायचा कशाला?

पण एक प्रश्न मला खरोखर छळतो. पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीच्या घराचा भाव दसपट झाला, तरी तिच्या डब्यात तांदूळ तेवढाच असतो. तिला सवलत हवीच, पण ती नियमाने आणि उघडपणे द्यावी. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घरांना 1970 पासून 40 टक्के सवलत मिळत आली; मध्ये ती बंद पडली, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि 2023 मध्ये ती परत मिळाली. हा सरळ मार्ग झाला. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून करमाफी आहे. तिचा हेतू चांगला आहे, पण मलबार हिलवरचे तेवढेच घर आणि गोवंडीतले घर एका मापाने माफ करणे मला न्यायाचे वाटत नाही. तरीही ती माफी छापील नियमात आहे, तिच्यावर भांडता येते. पोह्यांच्या बशीवर मिळालेल्या सवलतीवर कोण भांडणार? ती ओळखीच्याला मिळते आणि तिचा भार बिनओळखीच्यावर पडतो.

म्हणून टेप धरणाऱ्या माणसाचे काम मी मोठे मानतो. त्याने एक खोली गाळली की कुठल्या तरी वस्तीतला नळ लांबतो.

‘पालिका पैसे खाते, मग भरायचे कशाला?’ असे विचारणारे भेटतात. उधळपट्टीला जाब विचारावा कसा, हे जोतीराव फुल्यांनी दाखवले. ते 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर लोकांचा पैसा उधळण्याला त्यांनी सभेत विरोध केला. असा जाब विचारायचा तर आधी आपले माप खरे असावे लागते.

या वेळी आकारणीची नोटीस आली की ती नीट वाचा. माप जास्त लागले असेल तर मुदतीत हरकत घ्या. कमी लागले असेल, तर तेही त्याच अर्जात लिहून कळवा.