दाताची घट

खामगाव,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

चि. सौ. कां. भाचीबाईंस,


तुझा फोटो आणि त्या दवाखान्याचं कोटेशन काल व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलं. वरचे आठ दात, दोन बैठका, हळदीच्या आधी काम तयार. फोनवर बोलले असते तर चिडले असते, म्हणून हे पत्र.

फोटो मोठा करून पाहिला. एक दात शेजारच्यावर जरासा चढलाय, खालच्या दातांच्या मुळाशी किटण साचलंय आणि समोरच्या दोन दातांवर पांढुरके-तपकिरी डाग आहेत. आठ दात घासून काढावेत असं मला त्यात काही दिसलं नाही.

जोडवी घ्यायला इथल्या सराफ्यात आलो होतो, तेव्हा आजीचे वाळे उजाळायला टाकले होते, आठवतं? कारागिरानं ते आधी काट्यावर ठेवले, उजाळल्यावर पुन्हा ठेवले आणि घट किती ते सांगितलं. दाताच्या दुकानात हा काटा कुणी मांडत नाही. समोरच्या दाताचं एनॅमल जेमतेम एक मिलिमीटर जाड, हिरडीजवळ तर त्याहून पातळ. व्हिनिअर, म्हणजे दातावरचं पातळ कवच, चिकटवायला त्यातलं साधारण अर्धा मिलिमीटर जातं. कॅपसाठी घासलं तर दिसणाऱ्या दाताचा निम्म्याहून जास्त भाग जातो. चांदी आटवून पुन्हा घडवता येते, एनॅमल पुन्हा उगवत नाही. कोटेशन नीट वाच: वर ‘स्माइल डिझाइन’ लिहिलंय, खाली बारीक अक्षरात ‘क्राउन’. क्राउन म्हणजे कॅपच. ती दहा-पंधरा वर्षं टिकते. तू आज चोवीसची. सत्तरीपर्यंत किती वेळा बदलावी लागेल, हिशेब कर.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नवी नवी प्रॅक्टिस होती तेव्हा अशीच एक नवरी आली, लग्न तोंडावर आलेलं, मागे आईची घाई. मी सहा दात घासून कॅप बसवल्या. फोटो सुंदर आले. दोन वर्षांनी ती बाळाला कडेवर घेऊन आली, त्यातल्या दोन दातांची नस मेलेली, एकाच्या मुळाशी पू. रूट कॅनाल केले, पैसे घेतले नाहीत. त्याने दात परत येत नाहीत.

आता डागांचं. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळायला लागले, तेव्हा आधी पाण्यावर, मग शाम्पूवर खापर फुटलं. शेवटी दिल्लीहून आयसीएमआरचं पथक आलं, नमुने घेतले गेले. आधी कारण, मग औषध, दाताचंही तसंच. तुझं लहानपण जळगाव जामोदकडे बोअरच्या पाण्यावर गेलं. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असेल, तर पक्के दात जबड्यात घडत असतानाच असे डाग पडतात. तिकडच्या खारपाणपट्ट्यातला खारटपणा जिभेला कळतो, फ्लोराइड कळत नाही. असे डाग पुष्कळदा वरवरचे असतात आणि अगदी पातळ थर काढून किंवा राळ मुरवून फिके करता येतात. नुसतं ब्लीच केलं तर पांढरे ठिपके उलट काही दिवस जास्तच उठून दिसतात.

ब्लीच वाईट नाही, ते कोण करतं आणि किती तीव्रतेचं वापरतं यावर आहे. त्यातलं औषध हायड्रोजन पेरॉक्साइड. युरोपात 2012 पासून 0.1 टक्क्याहून तीव्र माल दंतवैद्याखेरीज कुणाला विकता येत नाही, सहा टक्क्यांच्या वर मुळीच नाही, आणि अठराच्या आतल्या मुलांवर तर तो वापरायचाच नाही. आपल्याकडे ब्यूटी पार्लरवाली ‘टीथ व्हाइटनिंग’ करते आणि हिरडी पांढरी पडली की ‘होईल बरं’ म्हणते. लिंबू-सोडा, कोळशाची पूड यांचंही नाव काढू नकोस. आणि ते रील पाठवलंस ना, रबर बँड लावून फट बुजवायचं? रबर दाताच्या निमुळत्या मुळावरून सरकत हिरडीत जातं. चांगला दात हलून हातात आलेला मी पाहिलाय.

फेब्रुवारी 2024 मध्ये हैदराबादला लग्न ठरलेला अठ्ठावीस वर्षांचा एक मुलगा अशाच स्माइल डिझायनिंगसाठी गेला आणि परत आला नाही. भूल जास्त झाली असा घरच्यांचा आरोप होता. असं क्वचितच होतं, हिरडीतली साधी सुई आम्ही रोज देतो. पण नुसतं दिसणं सुधारायला कुणी गुंगीचं औषध सुचवलं, तर भूलतज्ज्ञ हजर राहणार का, ते विचार. डॉक्टरची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी पाहा. एक्स-रे न काढता, तात्पुरता नमुना तोंडात बसवून न दाखवता मशीन हातात घेणाऱ्यासमोर तोंड उघडू नकोस.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. नवऱ्या मुलाचे खर्ऱ्याने रंगलेले दात साखरपुड्यात सगळ्यांनी पाहिले. त्याला कुणी कोटेशन पाठवलं का?

माझं ऐकशील तर लग्नाआधी फक्त किटण काढून पॉलिश करू. त्याने दात हलत नाहीत, ती जुनी भीती आहे. डागांचं पाहू, वेळ उरला तर सौम्य ब्लीच, दात थोडे शिवशिवले तर दोन-चार दिवसांत थांबतं. चढलेल्या दाताला तार लावायची की अलायनर, ते लग्नानंतर सावकाश. त्याला काही महिने लागतात, पण दात तुझा तुझ्याकडेच राहतो.

त्या दवाखान्याला अ‍ॅडव्हान्स दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर बुडू दे. पुढच्या रविवारी ये, दवाखाना बंद असतो, तुझ्यासाठी उघडते. येताना पोटभर खाऊन ये.

तुझी,
मावशी