वैशाखातील वाफा आणि जीवाची ओल

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परमार्गाच्या तत्त्वज्ञानाचा पाया होत. त्यांपैकी प्रपंच कारणरूपाने नित्य आणि कार्यरूपाने अनित्य आहे, हे प्रत्येक उपदेशीने प्रथमच ऐकलेले असते. परंतु सायंकाळी शास्त्रश्रवणात मान्य केलेली ही गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या दुपारी स्मरणात राहते काय, हा खरा प्रश्न आहे. घर सोडून निघालेल्या महात्म्यांची कसोटी अटनात आणि विजनात लागते. वासनिकाची कसोटी मात्र चुलीपाशी, रांजणापाशी आणि परसात लागते. म्हणून त्या परसाचाच विचार येथे करावयाचा आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी गहन ब्रह्मविद्या जनसामान्यांच्या नित्य पाहण्यातील वस्तूंच्या साह्याने उलगडून दाखविली. केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत असून, सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्यांची त्रिविध रचना आहे. पुढे येणारे उदाहरण हे श्रीमुखीचे नव्हे. ते केवळ विचारासाठी घेतले आहे आणि त्यास तेवढेच मोल द्यावे. तथापि नित्याच्या वस्तूकडे दार्ष्टांतिकाच्या दृष्टीने पाहण्याची सवय ही त्या ग्रंथानेच लावली आहे, हे विसरून चालणार नाही.

वऱ्हाडातील एक वासनिक कुटुंब. घरामागे चार वाफ्यांची परसबाग. माघ-फाल्गुनात गृहस्थाने वांगी, टोमॅटो, दोडका, कारले, गवार आणि भेंडी लावली. चैत्रापर्यंत सर्व हिरवेगार होते. घरची भाजी घरी निघत होती आणि दारी आलेल्या भिक्षेकरी साधूच्या झोळीतही ती पडत होती. पुढे वैशाख लागला. अमरावती-ऋद्धिपूरच्या मुलखात या दिवसांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. विहिरीचे पाणी खाली गेले, वारा भट्टीसारखा वाहू लागला आणि बागेने माना टाकल्या.

दुपारी दोडक्याची रुंद पाने लोंबकळलेली पाहून गृहस्थ घाबरा झाला. त्याने भर उन्हात बादल्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठ दिवसांनी वेलाची मुळे कुजली आणि पाण्यात उभा असलेला वेल वाळून गेला. असे का घडले? रुंद पान उन्हात जेवढे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकते, तेवढे मूळ त्या क्षणी पुरवू शकत नाही. म्हणून पान मलूल होते. जमिनीत ओल असेल तर ऊन उतरताच ते पुन्हा सावरते. अशा वेळी ओतलेले जादा पाणी मुळांभोवतीची हवा कोंडते आणि त्यांना कुजविते. जाणता माळी म्हणूनच दुपारच्या मलूलपणावरून निर्णय करीत नाही. तो पहाटे पाहतो. पहाटेच्या गारव्यातही जे पान उभे राहत नाही, त्याच्याच मुळाशी ओल नाही असे तो समजतो.

याचे दार्ष्टांतिक असे. संसाराच्या दुपारी, म्हणजे देणे थकले असता, मूल तापाने फणफणले असता किंवा कोणी टाकून बोलले असता, उपदेशीचे चित्त मलूल होते. तेवढ्यावरून आपला धर्म बुडाला असे मानून जो घाबरतो आणि शंभर उपायांमागे धावतो, क्षुद्र फळांच्या आशेने देवतांचे उंबरे झिजवतो, तो त्या उपायांनीच स्वतःचे मूळ कुजवितो. चित्ताची परीक्षा त्याने पहाटे करावी. चार घटका निवांत मिळाल्या असता नामस्मरणाकडे मन आपण होऊन वळते काय? वळत असेल तर दुपारचे कोमेजणे हे केवळ उन्हाचे आहे. वळत नसेल तर बाहेर सर्व सुखरूप असूनही मुळाशी कोरड पडली आहे, असे निश्चित समजावे.

दुसरी गोष्ट पाणी देण्याच्या रीतीची. रोज वरवर शिंपडले तर भिजलेल्या एक-दोन बोटांच्या थरातच मुळे पसरतात. ती खाली जात नाहीत आणि एक दिवस खंड पडला की झाड होरपळते. दोन-तीन दिवसांआड, परंतु आळे भरून, सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर पाणी दिले तर मुळे ओलीचा माग काढीत खोल उतरतात. त्यावर वाळल्या गवताचे आच्छादन घातले तर ती ओल टिकते. पर्वणीस, यात्रेस वा कोणा महंतांच्या आगमनप्रसंगी उसळणारी आणि दुसऱ्या दिवशी आटणारी भक्ती ही वरवरची शिंपण होय. थोडेच, पण ठरल्या वेळी आणि चित्त भिजेपर्यंत केलेले स्मरण खोल जाते. जुन्या रीतीत झाडाजवळ भाजलेल्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून, त्याचे तोंड झाकून ठेवीत. ते कोणास दिसत नाही, परंतु झाडास अहोरात्र झिरपत राहते. साधकाचे स्मरण असे झाकलेले असावे. उघड्या तोंडाच्या मडक्यातील पाणी सूर्यच पिऊन टाकतो.

आता तिसरी गोष्ट. सर्व दक्षता घेऊनही टोमॅटोची फुले गळत राहिली. याचे कारण असे की दिवसाचा ताप ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रीही गारवा मिळेनासा झाला म्हणजे या झाडाचा पराग निकामी होतो आणि फळ धरत नाही. येथे माळ्याचा दोष नाही आणि झाडाचाही नाही. ते जिवंत राखणे एवढेच माळ्याच्या हाती असते. परमार्गातही योग्यता साधणे जीवाकडे आहे आणि ज्ञान-प्रेम देणे परमेश्वराकडे. आचार करूनही अनुभव येत नाही म्हणून जो आचारच टाकून देतो, तो फुले गळाली म्हणून झाड उपटणारा होय.

यापुढचा प्रसंग अधिक कठीण आहे. कोरड्या उष्ण हवेत वांग्यावर लाल कोळी वाढला आणि पाने पिवळी पडली. शेजाऱ्याने औषध फवारण्यास सांगितले. गृहस्थाने फवारणीचा पंप मागून आणला. त्याच दिवशी एक वृद्ध तपस्विनी भिक्षेस आल्या. गृहिणीने दंडवत करून विचारले, "आई, लेकरांच्या ताटातली भाजी राखायला एवढे जीव मारले तर दोष लागेल काय?"

तपस्विनी म्हणाल्या, "बाई, झाडू मारताना आणि चूल पेटवताना होते ती हिंसा तुम्हांला टळत नाही. तिची खंती बाळगा. पण ही तर ठरवून करायची आहे. आणि त्या फवाऱ्याने फुलांवरची मधमाशीही मरेल. तिने तुमचे काय बिघडवले? या दिवसांत वांगे जगवायलाच हवे असे कोणी सांगितले आहे?"

या उत्तरातील विवेक लक्षात घेण्याजोगा आहे. वासनिकाचे जीवन सर्वथा हिंसारहित असू शकत नाही, हे त्यात नाकारलेले नाही. परंतु अटळ हिंसा आणि हट्टापायी ओढवून घेतलेली हिंसा यांत महदंतर आहे. जे ऋतूला सोसत नाही, ते जगविण्याचा हट्ट धरला म्हणजे विष हाती घ्यावे लागते. जे ऋतूला सोसते ते लावले तर पुष्कळदा ती वेळच येत नाही. अहिंसेचा विचार फवारणीच्या दिवशी नव्हे, पेरणीच्या दिवशीच करावयास हवा.

परंतु वांग्यांपेक्षा मोठी हानी त्या घरात आधीच झाली होती. दोन दिवसांपूर्वी गृहिणीने बागेसाठी भरून ठेवलेली बादली शेजारच्या तहानलेल्या गाईपुढे ठेवली होती. त्यावरून गृहस्थ तिला नको ते बोलला आणि तेव्हापासून दोघांत अबोला होता. साधूच्या झोळीत घालण्यासाठी जपलेली भाजी, पण तिच्यासाठी मुक्या जीवाचे पाणी तोडावयास तो सिद्ध झाला! येथे प्रपंचाचे स्वरूप उघडे पडते. तो पापाच्या रूपाने येतो तेव्हा सावध मनुष्य त्यास ओळखतो. दानधर्माच्या रूपाने येतो तेव्हा ओळखत नाही. 'माझा वाफा', 'माझे देणे' यांतील 'माझे' हाच त्या बागेवर पडलेला खरा कोळी होता. पाण्याचा क्रम स्पष्ट आहे. आधी तहानलेला मनुष्य, मग गाय आणि पाखरू, मग झाड. हा क्रम उलटला की दान हे दान राहत नाही.

गृहस्थाने ते सर्व ओसरीवरून ऐकले होते. पंप त्याने न वापरताच परत केला. वांगी आणि टोमॅटो काढून वाफे मोकळे केले. गवार आणि भेंडी उष्णता सोसतात. ती ठेवून त्यांवर तुराट्यांचा विरळ मांडव घातला. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी त्यांना पुरू लागले. विहिरीवरून आणलेली पहिली बादली तो दाराबाहेरच्या डोणीत ओतू लागला. गृहिणीशी प्रथम कोण बोलले हे सांगण्याचे कारण नाही. घर पुन्हा बोलू लागले.

यावर कोणी म्हणेल की, अर्धी बाग सोडणे हा पराभव होय. तसे नाही. वैराग्य म्हणजे उपेक्षा नव्हे. उपेक्षा करणारा चारही वाफे वाळू देतो आणि आसक्त मनुष्य चारही वाफ्यांसाठी घर वाळवितो. विवेकी मनुष्य जे धर्माने राखता येते तेवढे राखतो आणि उरलेले खंत न करता सोडतो.

सोडलेले ते दोन वाफेही वाया जात नाहीत. ते खणून, शेणखत मिसळून, पालापाचोळ्याने झाकून ठेवले म्हणजे मृगाचा पहिला पाऊस त्यांत मुरतो. उघडी, टणक पडलेली जमीन मात्र तोच पाऊस अंगावरून वाहू देते. मेघ दोघींवर सारखाच वर्षतो. परमेश्वराची कृपा केव्हा आणि कशी प्रवृत्त होईल हे जीवास ठाऊक नाही. परंतु ती आली असता मुरेल अशी भूमी करून ठेवणे हा आचार आहे, आणि तो वैशाखातच करावा लागतो. म्हणून ज्यांच्या संसारात सध्या उन्हाळा चालू असेल, अशा उपदेशी बंधु-भगिनींनी वाळलेल्या पानांचा हिशेब करीत बसू नये. पहाटे उठून मुळाशी ओल आहे ना, एवढे पाहावे आणि दारच्या डोणीत पाणी घालून स्मरणास बसावे.