लेकराचं ऋण कुणावर?

अमरावतीहून यवतमाळला जाताना वाटेत नेर लागतं. पश्चिम विदर्भाच्या या पट्ट्यात सोयाबीन सोंगायला मेळघाटातून कोरकू कुटुंबं उतरतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या तांड्यांवरून बंजारा जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. येणाऱ्या आणि जाणाऱ्या आयांपुढे प्रश्न एकच: दिवसभर लेकरू कुठं ठेवायचं? धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधली जाते, नाहीतर शाळेतल्या थोरल्या पोरीच्या कडेवर धाकटं दिलं जातं. तिची शाळा तिथंच सुटते. गावात अंगणवाडी असते, पण ती काही तासांची; मजुरीचा दिवस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा.

सोय अपुरी आहे, एवढ्यावर हा विषय संपत नाही. मुळात हा धर्माचा प्रश्न आहे.

माणूस देव, ऋषी आणि पितर यांचं ऋण घेऊन जन्मतो, असं आपली परंपरा सांगते. पितरांचं ऋण संततीने फिटतं. पण जन्मलेल्या त्या संततीचं आपण काय देणं लागतो? हे ऋण शास्त्रांच्या यादीत आलं नाही. ते आईच्या एकटीच्या पदरात पडलं.

कायद्यानेही तेच केलं. 1948 च्या कारखाने कायद्याने तीसहून अधिक बाया कामावर असतील तिथं पाळणाघर सांगितलं. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक असतील तिथं. दोन्हीकडे मोजल्या त्या बायाच. शंभर बाप राबत असले तरी त्यांच्या लेकरांसाठी बंधन नव्हतं. उसाच्या फडात तर बाई वेगळी मोजलीच जात नाही: नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल त्या कोयत्यावर. जिची स्वतःचीच नोंद नाही, तिच्या मुलाची कोण ठेवणार?

रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्याने मात्र लेकरं मोजली. कामावर बायांसोबत सहा वर्षांखालची पाच मुलं आली, की त्यांच्यातल्याच एकीने ती सांभाळायची आणि तिला मजुरी मिळायची. सांभाळणं हेही काम आहे, हे इथं मान्य झालं. विचार म्हणून ही तरतूद सगळ्यांत मोलाची, मग अंमल कितीही तोकडा असो.

दिल्लीत 1969 साली गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. तिथं मजूर बायांची तान्ही मुलं धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातूनच ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली, पुढे मुंबई-पुण्यातही पोचली. आई जिथं राबते तिथं पाळणाघरानेच जावं, हे या संस्थेनं करून दाखवलं.

विदर्भाला हा विचार परका नाही. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवळांऐवजी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभारल्या. वाटसरूच्या डोक्यावर छप्पर असावं, हाच त्यांचा धर्म. पोटासाठी गाव सोडणारी बाई वाटसरूच आहे.

यवतमाळचा शेतकरी स्वतः कर्जात आहे. सगळा भार त्याच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. म्हणून नेर तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी आणि गुरुदेव सेवा मंडळांनी पुढं यावं. सोंगणी-वेचणीच्या दिवसांत समाजमंदिर सकाळपासून अंधार पडेपर्यंत उघडं ठेवावं, मुलं सांभाळणाऱ्या बाईला शासनाने पूर्ण मजुरी द्यावी, आणि आलेल्या लेकराला गाव किंवा जात विचारू नये.