डब्यातले बियाणे
(मनन : मार्क ४:२६-२९)



मृग लागला की फळीवरचे डबे आणि फडक्यातल्या पुरचुंड्या खाली उतरतात. गिलके, दोडके, भेंडी, वांगी. मग घरात एकच प्रश्न असतो : हे बी कोणत्या वर्षाचे? उगवेल का?

प्रत्येक बियाण्याला आपापले आयुष्य असते. कांद्याचे बी सर्वांत नाजूक. साध्या साठवणीत वर्ष-दीड वर्षात त्याचा जोर जातो. भेंडी व मिरचीचे बी दोन-तीन वर्षे टिकते. वांगी, टोमॅटो, काकडी यांचे बी कोरडे व थंड ठेवल्यास चार-पाच वर्षे चालते. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी केला किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरवले, तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा शास्त्राचा ठोकताळा आहे. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून इथे हा हिशेब आणखी आखडतो. आपल्या आजीने बी नीट वाळवून, राखेत घोळून मडक्यात ठेवले, ते उगीच नव्हे.

डब्यातले बी झोपलेले दिसते, पण ते जिवंत असते. ते अगदी मंद श्वास घेते आणि स्वतःमधलाच साठा थोडा थोडा खर्च करते. म्हणजे नुसते ठेवून दिलेले बी जसेच्या तसे राहत नाही. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या विचारात बीज म्हणजे संभाव्यता. झाड होण्याची शक्यता त्यात आहे, पण ते अजून झाड नाही. आपला शेतकरी पुढे एवढेच जोडील की या शक्यतेलाही मुदत असते.

प्रियजनहो, स्नानसंस्काराच्या वेळी आपल्या अंतःकरणात श्रद्धेचे बी पडले. आपण ते कुठे ठेवले आहे? ‘मुले मोठी झाली की कुटुंबप्रार्थना सुरू करू’, ‘रिटायर झाल्यावर चर्चसाठी वेळ देऊ’, ‘भावाशी नाताळला बोलू’. हे सर्व चांगले बियाणे आहे, पण डब्यात आहे. बांधावरून अबोला धरलेले दोन भाऊ एकाच वेदीपुढे ख्रिस्तप्रसाद घेतात, आणि क्षमेचे बी दरवर्षी थोडे थोडे मरत जाते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना लोक बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गावरान बियाणे जपले ते नुसते कुलूप लावून नव्हे, तर पेरून, वाढवून, इतर शेतकऱ्यांना देऊन. श्रद्धाही अशीच टिकते.

मात्र जुने बी म्हणून लगेच उकिरड्यावर टाकू नये. इस्राएलमधील मसादा किल्ल्याच्या उत्खननात खजुराच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या. २००५ साली त्यांतली एक पेरली आणि तिला अंकुर फुटला! प्रभू येशूच्या काळाच्या आसपासचे ते बी. म्हणून बरीच वर्षे मिस्साला न आलेल्या शेजाऱ्याविषयी ‘तो आता संपला’ असे कोणी म्हणू नये. जुने बी उगवते तेव्हा रोप अशक्त असते. त्याला टोमणे नकोत, सावली आणि पाणी हवे.

पेरणीआधी आपण शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो व मोजतो. वांग्याच्या सत्तर उगवल्या तर बी चांगले समजावे. या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या मनाचीही अशी चाचणी घ्यावी आणि एक तरी बी पेरावे : एका घराचे दार ठोठावावे, एक अबोला सोडावा. बी कसे वाढते हे पेरणाऱ्याला कळत नाही, असे प्रभू सांगतो. वाढवणे देवाचे काम आहे. पेरणे मात्र आपले.

हे प्रभो, तू दिलेले बी आम्ही वेळेत पेरावे, अशी बुद्धी आम्हांला दे. आमेन.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू