चमचाभर लोणी

फराळाचे ताट शेजारी पाठवताना आपण त्यावर रुमाल झाकतो. शेजारणीने रुमाल दूर केला की करंजी दिसते, लाडू दिसतो. पण लाडवात साजूक तूप किती आणि वनस्पती तूप किती, हे रुमाल काढूनही दिसत नाही. दुकानातल्या पेटीवर आतला सारा ऐवज छापावा लागतो. घरच्या पदार्थाला असा छाप नसतो. करणारणीचा शब्द, आणि पुष्कळदा तिने न उच्चारलेलाच शब्द, एवढ्या आधारावर आपण तो तोंडात टाकतो. इतका विश्वास आपण सावकारावर, पुढाऱ्यावर, फार काय, वैद्यावरही टाकीत नाही.

या विश्वासाचे स्वरूप नेमके काय, हा विचार करायला मला एका परक्या मिठाईने लावले. ट्रफल हे तिचे नाव. फ्रान्स-इटलीकडे जमिनीच्या पोटात उगवणारी, मातीने माखलेली एक मोलाची अळंबी असते. कोकोच्या भुकटीत घोळवलेला चॉकलेटचा ओबडधोबड गोळा तिच्यासारखा दिसतो, म्हणून तिचेच नाव त्याला मिळाले. रूढ कृतीत चॉकलेट, घट्ट साय आणि वर थोडे लोणी असते. आमच्या घरी मात्र दिवाळीच्या भेटीसाठी तो दुधाशिवाय करावा लागतो. कारण माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीने दूध, दही, तूप, मध सारे सोडले आहे. अशा माणसांना व्हीगन म्हणतात. शाकाहारी म्हणवणारेही दूध पितात, तेव्हा आपल्याला निराळे नाव हवे, म्हणून १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी हा शब्द घडवला. वासराच्या वाट्याचे दूध आपण का घ्यावे, एवढाच त्या मुलीचा सरळ प्रश्न आहे. मला तिचे म्हणणे पूर्ण पटते असे नाही. सकाळचा चहा मी अजून दुधाचाच घेते. पण ते अगदीच परके आहे असेही म्हणवत नाही. वसुबारसेला पुष्कळ घरच्या बायका दूधदुभत्याला शिवत नाहीत. आमचा एका दिवसाचा नेम तिने वर्षभर लांबवला, इतकेच. आणि आपली चकली, चिवडा, चिक्की तरी दुधावाचूनच होतात की! त्यांना कुणी इंग्रजी नाव दिले नाही, म्हणून त्यांचा गाजावाजा झाला नाही.

कृती सोपी आहे, पण नाजूक आहे. दोनशे ग्रॅम काळे चॉकलेट बारीक चिरायचे. पेटीवरची बारीक अक्षरे आधी वाचायची, कारण काळ्या म्हणवणाऱ्या चॉकलेटातही दुधाची भुकटी किंवा लोण्याचे तेल दडलेले असते. नारळाचे पहिले, दाट दूध शंभर मिलिलिटर घेऊन वाफ येईपर्यंत तापवायचे, चॉकलेटवर ओतायचे आणि दोन-तीन मिनिटे अजिबात हात लावायचा नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना आणि मला स्वतःलाही हीच गोष्ट सर्वांत जड जाते. मग मधून कडेकडे हलके ढवळत न्यायचे. मिश्रण एकजीव होऊन आरशासारखे झाले की गार करायचे आणि गोळे वळायचे. इथे घाई करावी लागते. कोकोतली चरबी चौतीस अंशांच्या आसपास वितळते आणि आपल्या अंगाची ऊब त्याहून थोडी अधिक असते. त्यामुळे जिभेवर जो गोळा विरघळतो तो तळहातावरही विरघळू लागतो. हात गार पाण्यात बुडवून कोरडे पुसायचे आणि वळायचे. नारळाचे दूध ताजे असेल तर हे गोळे थंडीत ठेवून चार दिवसांत संपवावेत.

एका दिवाळीत हे मिश्रण ढवळताना थोरल्या जाऊबाई जवळ उभ्या होत्या. नारळाच्या दुधाने चकाकी यावी तशी येईना. त्या म्हणाल्या, "अगं, घाल की चमचाभर लोणी. कुणाला कळतंय?"

जाऊबाई दुष्ट नाहीत. आमच्या घरात सर्वांत अधिक हात सैल सोडून वाढणाऱ्या त्याच. पोरीला चांगले खायला मिळावे, एवढाच त्यांचा हेतू होता. लोणी मी घातले नाही, आणि त्या रागावल्याही नाहीत. पण त्यांचा प्रश्न मात्र मनात घर करून बसला. ज्यांना दुधाने गांध्या उठतात, श्वास कोंडतो, त्यांची गोष्ट सोडा; तिथे चमचाभर लोणी म्हणजे विषप्रयोगच. पण जिच्या अंगाला त्याने काही होणार नाही, जिला ते जन्मात कळणार नाही, तिचे त्यात बिघडले काय?

प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये एक धनगर आणला आहे. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो राजाला मारून गादी बळकावतो. अशी अंगठी मिळाल्यावरही सचोटीने वागणारा कुणी असेल काय, असा तिथला सवाल आहे. तत्त्वज्ञांना हे उदाहरण फार विलक्षण वाटते. रांधणाऱ्या बाईच्या बोटात मात्र ती अंगठी रोज असते. डाळीत काय पडले, कालचा भात आजच्या थालीपिठात कसा गेला, हे तिच्यावाचून कोण जाणतो? आणि गंमत ही, की त्या धनगराला अंगठी आपल्या लाभासाठी वापरायची होती. जाऊबाई ती प्रेमासाठी वापरायला सांगत होत्या. प्रेमाने केलेली फसवणूक ओळखायला अवघड असते. आपल्याकडे लोणी चोरून खाल्ल्याच्या कथा आहेत, चोरून खाऊ घातल्याच्या नाहीत.

दुधाचा आणि व्रताचा प्रश्न निघाला की मला कस्तुरबा आठवतात. गांधीजींनी १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले. १९१८ च्या दुखण्याने ते पार खंगले, आणि १९१९ च्या आरंभी मुंबईत डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. व्रत घेताना गाय-म्हैसच मनात होती, मग शेळीच्या दुधाला काय हरकत, असे कस्तुरबांनी सुचवले. गांधीजींनी ते मानले, आणि व्रताचे अक्षर राहिले पण प्राण गेला, ही खंत पुढे आत्मकथेत लिहून ठेवली. या प्रसंगात लोक गांधीजींची खंत पाहतात. मी बाईंकडे पाहते. नवरा डोळ्यांदेखत झिजतो आहे. पेजेत, कढणात दूध कालवून देणे कोणत्याही बायकोला अशक्य नव्हते. त्यांनी ते केले नाही. जे म्हणायचे ते खाटेपाशी तोंडावर म्हटले. त्या युक्तिवादाला नकार देणे गांधीजींच्या हाती होते. कालवलेल्या दुधाला नकार देणे कुणाच्याच हाती नसते.

लोण्याने बिघडते ते इथे. पुतणीचे पोट बिघडत नाही. तिचा 'नको' तिच्या हातून काढून घेतला जातो, आणि तोही तिला पत्ता लागू न देता. तिच्या तत्त्वाशी मला भांडायचे असेल तर पाटावर बसून भांडावे. गोळ्याच्या आडून भांडू नये. मी कादंबऱ्या लिहिते, गुपितांवर माझा संसार चालतो; पण कादंबरीतले गुपित शेवटच्या प्रकरणात फुटते, हे मात्र कधीच फुटणार नाही म्हणूनच ते अधिक वाईट.

हाच न्याय लावला तर प्रश्न चॉकलेटच्याही मागे जातो. पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावरचा कोको गुलामासारख्या राबवलेल्या माणसांच्या हातचा आहे, ही वार्ता कॅडबरींच्या कानी १९०१ मध्ये गेली होती. खरेदी थांबली १९०९ मध्ये. आज जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, आणि तिथल्या मळ्यांत लहान मुले राबतात हे मान्य करून चॉकलेटवाल्यांनी २००१ मध्ये करार केला, तरी ती राबणूक संपलेली नाही. वासराचा वाटा राखणाऱ्या गोळ्यात कुणाचे बालपण कालवले आहे का, हे मला पेटीवरून कळत नाही. म्हणून अलीकडे मी केरळातल्या कोकोचे चॉकलेट मिळाले तर घेते. ते महाग पडते, मग गोळे थोडे लहान वळते. पुतणीने डोळे मिटून खावे असे वाटत असेल, तर मला ते उघडे ठेवायला हवेत.

उरला एक उलटा पेच. गेल्या दिवाळीत सासूबाईंनी दोन ट्रफल खाल्ले आणि म्हणाल्या, "लोणी बरीक छान लागलंय हो." दूध सोडणे हे त्यांना खूळ वाटते, नारळाचे दूध आहे म्हटले असते तर त्यांनी हात लावला नसता. जाऊबाई माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होत्या. मी सांगून टाकले. सासूबाईंनी क्षणभर डब्याकडे पाहिले, तिसरा उचलून पुन्हा खाली ठेवला, आणि म्हणाल्या, "तरीच जरा ओशट वाटला."